आमच्या घरमालकांचं नाक

आगीला आमच्या घरमालकांइतका भिणारा माणूस चामोर्शीत तर नाहीच, पण गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही. आणि त्याच आगीबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूसही मला दुसरा भेटलेला नाही. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला म्हणून मी चामोर्शीला आलो आणि खोली शोधत त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मी लग्नाचा आहे की बिनलग्नाचा तेही विचारलं नाही. अंगणात येऊन त्यांनी आधी गच्चीवरच्या बांबूला बांधलेल्या लाल चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा दंड धरून मला दोन पावलं डावीकडे सरकवलं. "हं, आता बोला सर," ते म्हणाले. "मंघा तुम्ही वाऱ्याच्या खाली उभे होते." खिशाला पेन लावलेला माणूस म्हणजे सर, एवढं त्यांनी ओळखलं होतं. वाऱ्याच्या खाली उभं राहिल्यानं माझं काय बिघडणार होतं, हे मात्र कळायला मला बरेच महिने लागले.

ती चिंधी हे त्यांचं पंचांग होतं. चूल पेटवायची तर चिंधी बघायची, मिरच्या वाळत घालायच्या तर चिंधी बघायची, कुणी भेटायला आलं तर त्याला कुठल्या बाजूला बसवायचं हेही चिंधीच ठरवायची. लग्नाच्या मांडवात ते खुर्ची घेऊन बसत ते आचाऱ्याच्या भट्टीपासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला. वारा फिरला की खुर्ची उचलत. एका लग्नात वारा इतका चंचल होता, की मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत घरमालक मांडवाला पूर्ण प्रदक्षिणा घालून नवरीच्या मामाच्या मागे येऊन पोचले होते, आणि अंतरपाट धरणाऱ्याला वाटलं, हे कुणी जवळचे नातेवाईक असावेत. अक्षता टाकल्यावर लोकांनी त्यांना आहेराच्या टोपीसाठी पुढे ढकललं. ती टोपी त्यांनी घेतलीही. "नाई म्हणाले वेळ कुठी होता," ते मला म्हणाले, "वारा पुन्हा फिरून राह्यला होता."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. त्यांचा जन्म तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. चंद्रपूरला फिटरचं शिक्षण घेतलं, कुठलीशी जाहिरात पाहून अर्ज केला आणि थेट दक्षिणेत, डोंगरातल्या एका जागी जाऊन पडले. तिथे रॉकेटची इंजिनं जमिनीला घट्ट बांधून पेटवून बघत. त्या जागेचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं 'तिथी' म्हणत, आणि 'तिथी' म्हणताना दक्षिणेकडे हात करत. त्यामुळे नवख्याला वाटे, ते आष्टीच्या रस्त्याबद्दल बोलतायत. तीस वर्षं त्यांनी तिथल्या नळ्या जोडल्या आणि सोडवल्या. त्या नळ्यांतून दोन द्रवं जात. एक इंधन आणि दुसरं ते जाळणारं. दोघांची भेट झाली रे झाली की आपोआप आग. ठिणगी नको, वात नको, काही नको. "माचिस लागतच नाई सर," हे सांगताना त्यांचा चेहरा नातवाचं कौतुक सांगणाऱ्या आजोबांसारखा होई. "वर अंतराळात माचिस कोण पेटवते? तिथी आमचंच इंजिन पाह्यजे. बंद करा, चालू करा, पुन्हा बंद करा. नळ सोडला का पेटलं."

पण ही दोन द्रवं सांभाळणं म्हणजे दोन भांडखोर जावांना एका घरात तीस वर्षं एकमेकींना न दिसू देता नांदवणं होतं. एकीचा पाना दुसरीच्या नळीला लागता कामा नये, म्हणून पाने वेगळे, रंग वेगळे, खोल्या वेगळ्या, माणसंसुद्धा वेगळी. ही शिस्त ते निवृत्तीनंतर सामानासकट घरी घेऊन आले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीवर हिरव्या दोऱ्याचे चमचे आणि उजव्या भिंतीवर लाल दोऱ्याचे. हिरवा वरणाचा, लाल भाजीचा. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा माझ्यादेखत घाईत वरणाचा चमचा वांग्याच्या भाजीत घातला, तर हे ताटावरून उठून उभे राहिले. बाईंनी भाजी ढवळली, वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, "बसा जी. वांगं अजून कोणावर फुटलं नाई." ते बसले, पण पहिला घास मी खाल्ल्यानंतर त्यांनी घेतला.

दुसरं वेड गळतीचं. साबणाच्या पाण्याचा एक डबा आणि दाढीचा जुना ब्रश ही त्यांची हत्यारं. गॅसची टाकी बदलली की जोडावर फेस लावून बुडबुडे येतात का ते बघत बसायचं, हे ठीक. पण ते माझ्या सायकलच्या ट्यूबला, अंगणातल्या नळाला आणि एकदा नव्या आणलेल्या मडक्यालाही फेस लावून बसले होते. तिसरं वेड ओलाव्याचं. ते जाळणारं द्रव कोरडं असलं तर गुणी, पण त्यात पाण्याचा अंश गेला की त्याचं तेजाब होतं आणि ज्या टाकीत ठेवलंय तिलाच खातं. त्यामुळे घरमालक डबा धुतला की पुसत, पुसला की उन्हात ठेवत, उन्हातून आणला की आत बोट फिरवून बघत. धानाच्या मुलखात राहून ओलाव्याशी वैर धरणारा माणूस पावसाळ्यात कसा राहत असेल याची कल्पना करा. आषाढापासून पुढे ते घरात हातात फडकं घेऊनच हिंडत. मुलगी गोंडपिपरीला दिली होती. तिच्याकडे निघायचं तर दारात उभं राहून ते यादी वाचत आणि बाई "हो" म्हणत. "गॅस बंद?" "हो." "नळ बंद?" "हो." "मागची कडी?" "हो." "चिंधी पाह्यली?" इथे बाई थांबत आणि म्हणत, "तुम्ही बसमंधी बसून राह्यले का विमानात?"

आणि एवढं सगळं करून हा माणूस चूल पेटवू शकत नसे. काडी ओढली की हात इतका लांब धरायचा, की ती चुलीपर्यंत पोचेस्तोवर विझायची. तीन काड्या, चार काड्या. शेवटी बाई येऊन एका काडीत पेटवत आणि म्हणत, "तीस वर्षं आगीची नौकरी केली सर यायनं." त्यावर घरमालक न रागावता सांगत, की काडीत भरवसा नाही, ती कधी पेटते, कधी उशिरा पेटते, आणि आगीत उशिरासारखं वाईट काही नाही.

हा उशीर त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितला. गॅसचं बटन सुरू केलं आणि लायटर लगेच पेटला नाही, तर गॅस शेगडीभोवती साठत राहतो, आणि मग ठिणगी पडली की भप्पकन भडका उडून भुवया जातात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या इंजिनातही तेच. दोन द्रवं भेटल्या क्षणी पेटली तर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. पण थंडीनं म्हणा, मिश्रण कमीजास्त झाल्यानं म्हणा, डोळ्याची पापणी लवायच्या आत जे व्हायचं त्याला पापणी लवण्याइतका जरी वेळ लागला, तरी तेवढ्यात आत नको तितकं साठतं, आणि मग पेटतं तेव्हा इंजिनच जागेवर राहत नाही. "लोक म्हणतात आपोआप पेटणारं म्हंजे सोपं," ते म्हणाले. "पेटणं सोपं हाय. वेळेवर पेटणं कठीण." एवढं बोलून ते उठले आणि विनाकारण नळाला फेस लावायला गेले. मी विज्ञानाचा माणूस नसल्यामुळे मला ते सगळं विज्ञानच वाटलं.

त्यांचं 'तिथी' नाव झालं ते मात्र पान्यामुळे नाही, नाकामुळे. ते इंधन गळलं की त्याची विषारी वाफ वाऱ्याबरोबर जाते, आणि तिला सडक्या मासोळीसारखा वास येतो. बाकीच्या फिटरांना तो नुसताच घाण वास. पण तलावाकाठी वाढलेल्या या माणसाला मासोळीचे शंभर वास ठाऊक. "मासोळीचा वास ओला असते," ते सांगत, "अन् त्याचा कोरडा." यंत्रांचे दिवे लागायच्या आधी यांचं नाक हले, आणि यांचं नाक हललं की साहेब लोक काम थांबवत. पुढे पुढे चाचणीच्या दिवशी यांना मुद्दाम उभं करत. घरमालकांचं नाक तसं साधंच आहे, जरा बसकं, डाव्या बाजूला देवीचा एक वण. पण ते नाक पुसायचे तेही जपून, जणू सरकारी मालमत्ता.

या नाकाची एकदा फजिती झाली. ती गोष्ट बाई सांगत, आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसत. मोठी चाचणी होती, दिल्लीहून पाहुणे आले होते, उलटे आकडे मोजायला सुरुवात झाली होती, आणि यांनी हात वर केला. वास येतोय. सगळं थांबलं. माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला पळाली, पाहुण्यांना गाडीत घालून दूर नेलं, मुखवटे घातलेली माणसं तासभर जोड न् जोड तपासत हिंडली. काही सापडेना. शेवटी शोधत शोधत सगळे यांच्याच पिशवीपाशी आले. पिशवीत डबा होता, आणि डब्यात बाईंनी घरून मागवलेल्या सुक्या झिंग्यांची भाजी होती. त्या दिवसापासून यांना तिथे सगळे 'झिंगे' म्हणू लागले. हाक मारताना झिंगे, हजेरीला झिंगे, साहेबांची मुलंसुद्धा झिंगेकाका म्हणत. बाई ही गोष्ट सांगत तेव्हा मी पोट धरून हसे. घरमालक मात्र त्या वेळी हमखास उठून चिंधी बघायला गच्चीवर जात. आपली फजिती कुणाला आवडते, असं मला वाटे.

मी तिथे राहून चार वर्षं झाली असतील. एका सकाळी बाईंनी वर येऊन सांगितलं, की सिरोंच्याहून यांचा जुना सोबती येतोय. दोघं 'तिथी' एकाच पाळीत होते, वयानं तो थोडा मोठा. नातीला आमच्या महाविद्यालयात घालायचं म्हणून चामोर्शीला येणार होता, आणि घर कुठे ते त्यानं फोन करून विचारलं होतं. "अठरा वर्षांनी फोन आला," बाई म्हणाल्या, "अन् हे पुरे दोन मिनिटं 'हॅलो'च म्हणून राह्यले." पुढचे दोन दिवस घरमालकांनी घराची जी तपासणी केली, तशी रॉकेटचीही कुणी केली नसेल. कडी, कोयंडा, नळ, टाकी, सगळीकडे फेस. जेवायला बसले की उठत. मला त्यांनी तीनदा विचारलं, "सर, दोनच्या बसपर्यंत वारा पश्चिमेचाच राहीन का?"

सोबती आले ते दुपारच्या बसनं. उंच, काळे, पांढरी लुंगी, सोबत नात. घरी तेलुगू बोलणारे, त्यामुळे मराठी बोलताना शब्द जरा झुलवत. दर चार शब्दांनी थांबून श्वास घेत. अंगणाच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. घरमालक पुढे झाले, पण हात न धरता नुसतेच त्यांच्या बाजूनं चालत राहिले. "काय तम्मुडू," सोबती म्हणाले. तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. "नाक ठीक आहे?" घरमालकांनी मान हलवली. नातीला महाविद्यालय दाखवायचं काम माझ्याकडे होतं; ते करून मी तासाभरानं परतलो, तर दोघं ओसरीवर तसेच बसले होते, आणि चहाच्या कपांवर साय धरली होती. मी वर निघालो तर घरमालक म्हणाले, "बसा सर." मला वाटतं, त्यांना तिसरं कुणी तरी हवं होतं. नातीला बाईंनी आत बोलावलं.

"मले वास आला होता," घरमालक म्हणाले.

सोबत्यांनी विचारलं, "कधी?"

"त्या दिवशी. जोड सुटायच्या आधी. लाइनी धुऊन झाल्या म्हणून आपण मुखवटे काढले होते. तू खाली वॉल्व्हपाशी होता. मले मासोळीचा वास आला. कोरडा. मी बोललो नाई."

"किती आधी?"

"तुह्या नावानं हाक मारून होते, तेवढा वेळ."

मग तुटक तुटक बोलण्यातून मला गोष्ट समजली. झिंग्यांच्या फजितीनंतर दोनच महिने झाले होते. जोड सुटला, दोन्ही नळ्यांत उरलेलं थोडंसं एकमेकांना भेटलं, छोटा भडका उडाला आणि तांबडा धूर पसरला. भडका सगळ्यांनी विझवला. धूर सोबत्यांच्या छातीत गेला. त्या धुराची खोड अशी, की त्या वेळी फक्त ठसका लागतो. माणूस तोंड धुतो, चहा पितो, हसत घरी जातो, आणि संध्याकाळी छाती भरते. सोबती तीन महिने दवाखान्यात होते, मग नोकरी सोडून सिरोंच्याला गेले. घरमालक एकदाही भेटायला गेले नव्हते.

"काऊन नाई बोलला?" सोबत्यांनी विचारलं.

"पुन्हा हसले असते."

सोबत्यांनी दोन-तीन श्वास घेतले. मग म्हणाले, "पहिला मीच हसलो असतो. झिंगे नाव कुणी ठेवलं तुझं? मी ठेवलं." पुन्हा श्वास घेतला. "मी तुझं नाक पाहिलं होतं, तम्मुडू. खालून दिसत होतं. हललं. तुझं नाक हललं की लीक असते, हे मले तुझ्याहून जास्त माहीत. पण तू बोलला नाई. मी म्हटलं, असतील झिंगे. अन् पाना लावला."

दाराशी बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अन् मी अठरा वर्षं मनात म्हणून राह्यली, की मी तो डबा बांधला नसता तर हसलं कोण असतं?" ही गोष्ट सांगताना त्या पदर तोंडाला का लावत, हे मला त्या वेळी कळलं, आणि आपण किती मोठ्यानं हसलो होतो ते आठवून मला लाज वाटली.

घरमालकांनी हात जोडले. सोबत्यांनी ते खाली केले, पण चेहरा सैल झाला नाही. "छातीचा राग नाही मले," ते म्हणाले. "ती दोघांची चूक. पण दवाखान्यात मी रोज दाराकडे पाहत होतो. सगळे आले. साहेब आले. तू नाही आला. त्याचा राग आहे. अजून आहे." आणि उठून, खांबाला धरत, ते अंगणात जाऊन बसले. घरमालक त्यांच्यामागे गेले नाहीत. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळच्या बसनं हे निघून जाणार. पण जरा वेळानं अंगणातून खोकल्याचा आवाज आला, तशी घरमालक उठले, खुर्ची घेतली आणि त्यांच्या शेजारी नेऊन टाकली. वारा त्यांच्याकडून इकडे येतोय की इकडून त्यांच्याकडे, हे त्यांनी पाहिलं नाही. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. सोबती मोठमोठ्यानं रागावत होते, मध्येच तेलुगूत, आणि घरमालक खाली मान घालून "हो," "हो," म्हणत होते. राग संपायला चांगला दीड तास लागला. मग सोबत्यांनी आतल्या दिशेनं पाहून विचारलं, की या घरात माणसाला गरम चहा मिळतो का.

ते एका रात्रीसाठी आले होते, ते आठ दिवस राहिले. दोघं रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसत. घरमालकांच्या सवयी काही सुटल्या नाहीत. चमचे आपापल्या भिंतींवरच राहिले. पण बाईंच्या बोलण्याला ते आता उत्तर देऊ लागले, आणि ताटावर काही खटकलं तर उठून उभं न राहता बसल्या बसल्याच सांगू लागले. नातीला प्रवेश मिळाला. ती खालच्याच खोलीत राहिली, आणि आजोबांना भेटायला निघाली की घरमालक तिच्याबरोबर बसमध्ये बसू लागले.

पुढे माझी बदली नागभीडला झाली. निघताना घरमालकांनी माझ्या सामानाच्या दोऱ्या स्वतः आवळल्या आणि यादी वाचली. मीही प्रत्येक गोष्टीला "हो" म्हटलं. आता भेट क्वचित होते. मागच्या महिन्यात सहज फोन केला, तर बाई म्हणाल्या, ते सिरोंच्यालाच असतात हल्ली. सोबत्यांना श्वास पुरत नाही म्हणून घरी हवेचं यंत्र आणलंय, आणि त्याच्या नळ्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला यांना चालत नाही. मी तिथे फोन लावला. घरमालकांनी उचलला. मी विचारलं, सोबत्यांची तब्येत कशी आहे.

"बरी नाई, सर," ते म्हणाले. मागून यंत्राचा संथ आवाज येत होता. "डॉक्टर म्हणते, हा हिवाळा निघन. पुढचं ते सांगत नाई." मग म्हणाले, "पण दिवसभर बोलून राह्यलो आम्ही. अठरा वर्षांचं साचलं हाय." तेवढ्यात पलीकडून सोबत्यांनी काही तरी म्हटलं, त्यावर घरमालक काही तरी म्हणाले, आणि मग दोघंही एकदम बोलायला लागले. कुठलीशी जुनी चाचणी, कोण कुठे उभं होतं, कुणाचं चुकलं होतं. मी फोनवर आहे हे ते विसरून गेले होते. मीही त्यांना आठवण करून दिली नाही. कानाशी फोन धरून बराच वेळ ऐकत बसलो.